वाटाण्याचा पापड आणि मोठ्या मायची जीभ

आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, नाहीतर गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, जेवणं उरकली की पोरंसोरं मला घेरून बसतात. मी गोष्टी सांगतो. त्यातलं गाढव बहुतेक मीच असतो, म्हणून कुणाची तक्रार येत नाही. वाटाण्याच्या पापडाची गोष्ट त्यांची आवडती. मी ती चेहऱ्यांच्या चित्रांपर्यंत सांगतो, सगळी हसतात, आणि मग मला तहान लागते. पाणी प्यायला उठलेला माणूस परत येईपर्यंत पोरांचं लक्ष दुसरीकडं गेलेलं असतं. गेली कित्येक वर्षं मी असाच सुटतो आहे. पुढचा भाग बोलून होत नाही, म्हणून लिहून बघतो.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी अन्नतंत्रज्ञान शिकत होतो. तेव्हा आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला नव्हता. गाव जवळा बाजारपासून सायकलवर जाण्याइतकं लांब, आणि वस्तीतनं पदवीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. घरचे अभिमानानं सांगायचे, "पोरगं अन्नाचं शिकून राहिलं." शेजारची मामी, म्हणजे नात्यानं कुणीच नाही पण जिभेनं सगळ्यांची मामी, तिनं एकदा मायला विचारलं होतं, "अन्नाचं म्हंजी सैपाकच का न्हाई? मंग चुलीम्होरं बसून तुझ्यापाशीच शिकला असता की. इतक्या लांब काहून धाडलं?" या प्रश्नाचं नीट उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

त्या काळात आमच्या भागात जिकडंतिकडं सोयाबीन पसरत होतं. कापसाच्या रानात सोयाबीन, बाजारात सोयाबीन, आणि आमच्या विभागातही सोयाबीन. संशोधनाचे विषय वाटायच्या दिवशी माझी एसटी औंढ्याच्या पुढं बंद पडली. मी पोचलो तोवर सोयाबीनचं दूध, सोयाबीनचं पनीर आणि सोयाबीनची चकली तिघांनी वाटून घेतली होती. सर म्हणाले, "वाटाणा घ्या. प्रथिनं चांगली असतात, सोयाबीनसारखी तेलाची भानगड नाही. आणि आपल्याकडं यावर फारसं कुणी केलेलं नाही." शेवटच्या वाक्यानं मी हुरळलो. कुणी का केलं नसेल, हा विचार माझ्या डोक्यात आला असता तर मी शास्त्रज्ञ झालो असतो.

काम तसं साधं. पांढरा सुका वाटाणा दळायचा. ते पीठ थोडा क्षार घातलेल्या पाण्यात ढवळत ठेवायचं, म्हणजे प्रथिनं पाण्यात उतरतात. चोथा आणि पिष्ट वेगळं काढायचं. मग राहिलेल्या पाण्यात थेंबथेंब आम्ल सोडायचं. एका नेमक्या आंबटपणाला दूध नासावं तसं ते पाणी साखळतं आणि प्रथिनं तळाशी बसतात. ती धुवायची, वाळवायची, कुटायची. पहिल्यांदा ते साखळताना पाहिलं तेव्हा मी टाळी वाजवली होती. शेवटी हातात यायची ती करड्या-पिवळ्या रंगाची भुकटी. तिला शेंगांची ओली सालं दोन दिवस टोपलीत राहिल्यावर येतो तसला वास होता. मला तो फारसा जाणवायचा नाही. शेजारच्या टेबलावरचा सोयाबीनवाला मात्र खिडकी उघडायचा.

आता ही भुकटी खाण्यात घालून दाखवायची होती. बिस्किटं केली, ती हातात घेताच मोडली. शेव केली, तिनं कढईतलं निम्मं तेल पिऊन टाकलं. मग पापड सुचला. उडदाच्या पिठाला चिकटपणा भरपूर, ते वाटाण्याच्या प्रथिनाला धरून ठेवील, असा हिशेब. आणि तो बरोबर निघाला! पापड लाटले गेले, वाळले, भाजल्यावर फुललेसुद्धा. सर म्हणाले, "आता खेड्यात जाऊन चाखवून या. खाणारी माणसं काय म्हणतात ते पाहिजे."

खेडं म्हटल्यावर मी दुसरीकडं कुठं जाणार? घरी गेलो.

इथं मला मोठ्या मायबद्दल सांगायला हवं. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिची आणि आमची भिंत एक. नवरा लवकर गेला, पोरगी लग्न होऊन नांदेडकडं. ती निंदणी-खुरपणीला जायची, कमी बोलायची. वर्षाचे दहा महिने तिला कुणी काही विचारायचं नाही, आणि तिचीही त्याबद्दल तक्रार नसायची. पण उन्हाळा लागला, बाया बुद्धविहाराच्या ओट्यावर पापड करायला बसल्या, की मोठ्या मायवाचून कुणाचं पान हलत नसे. आमच्या वस्तीत पापडाचं पीठ तिनं चाखल्याशिवाय लाट्या तोडायच्या नाहीत, अशी रीतच होती. कुणाच्याही घरचं पीठ असो. ती चूळ भरायची, भिजवलेल्या पिठातला हरभऱ्याएवढा गोळा जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. पीठ कुटणाऱ्या बाईचा वरवंटा थांबायचा. मग मोठी माय एखादा शब्द बोलायची. "मीठ." किंवा "खार जास्ती झाला, आणिक पीठ घाल." किंवा नुसतंच "झालं." त्या "झालं"साठी मामीसारखी मामी हात जोडून थांबलेली मी पाहिली आहे. उन्हाळाभर मोठ्या मायच्या दारात हाका असायच्या. दोन महिने ती वस्तीची कुणीतरी असायची.

तर चाचणीचा दिवस, आणि जागा तोच विहाराचा ओटा. शास्त्राप्रमाणे नऊ पायऱ्यांचा तक्ता असतो, "अत्यंत आवडलं" पासून "अत्यंत नावडलं" पर्यंत. निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी नऊ चेहरे काढून नेले होते. पहिला खदखदून हसणारा, शेवटचा रडणारा. चित्रकला माझी अशी की पाचवा आणि सहावा चेहरा सख्खे जुळे निघाले, आणि रडणारा थेट आमच्या सरांसारखा. पापड तीन प्रकारचे. ताटल्यांना ओळखीसाठी दोरे बांधलेले. तांबड्या दोऱ्याचा निव्वळ उडदाचा, पिवळ्याच्यात थोडं वाटाण्याचं प्रथिन, हिरव्याच्यात भरपूर. कोणत्या दोऱ्यात काय, ते फक्त मला माहीत.

मामीनं पहिला तुकडा तोंडात टाकायच्या आधीच विचारलं, "सगळ्यात जास्ती हसून राहिलं ते कोणतं रे?"

मी दाखवलं.

"त्याच्यावर लाव माझं."

"मामी, आधी खा तर."

"खाते की. पण लाव तू."

मग माझी माय. तिनं तिन्ही ताटल्या चाखल्या आणि तिन्हींना हसरा चेहरा दिला. मग बाकीच्या. सगळ्यांचं बोट खदखदणाऱ्या चेहऱ्यावर. "बेस झाला." "लई चांगला फुलला बाई." "शिकलेल्या लेकराच्या हातचा, चांगला न व्हायला काय झालं!" पोटच्या नाहीतर वस्तीच्या लेकरानं हातानं वाढलेलं, त्याला तोंडावर वाईट म्हणायची आमच्यात पद्धत नाही. हे मला जन्मापासून माहीत होतं. पुस्तकात मात्र त्याबद्दल काही नव्हतं, म्हणून मी ते विचारात घेतलं नाही. आनंदानं आकडे लिहीत सुटलो.

शेवटी मोठी माय आली. तिनं चूळ भरली. तांबडा खाल्ला, थांबली. पुन्हा चूळ. पिवळा खाल्ला, जरा जास्त थांबली. पुन्हा चूळ. हिरवा खाल्ला, आणि इतका वेळ डोळे मिटून बसली की मामी म्हणाली, "झोपली का काय?"

मोठ्या मायनं डोळे उघडले आणि हिरव्यासाठी बोट त्या रडणाऱ्या, सरांसारख्या चेहऱ्याच्या शेजारी नेऊन टेकवलं.

"तोंडात हाय तवर काही न्हाई," ती म्हणाली. "गिळल्यावर येतं. जिभेच्या मुळाशी. कडू म्हणावं तर कडू न्हाई. हिरवा देठ चावल्यावानी."

मी म्हटलं, बघू. पाठमोरा होऊन ताटल्या बदलल्या, दोरे काढले, पुन्हा दिल्या. तिनं पुन्हा तोच काढून दिला. तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदाही तोच. आणि मघाचा पिवळा दाखवून म्हणाली, "ह्याच्यात बी हाय. थोडं."

कुठल्याही शहाण्या विद्यार्थ्यानं त्या क्षणी वही मिटून तिच्या पुढ्यात बसायला हवं होतं. पण माझं पुढचं सगळं त्या हिरव्या ताटलीवर उभं होतं. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मामीनं विचारलं, "आमाला सगळ्यांला ग्वाड लागला, अन् हिलाच काहून कडू?"

आणि मी शास्त्र सांगितलं.

"वय झालं ना मामी," मी म्हणालो. आवाज अगदी वर्गातला. "वाढत्या वयात जिभेवरच्या चवीच्या गाठी कमी होत जातात. शिवाय मोठी माय मिसरी लावते. तंबाखूनं जीभ मरते. भलतंच काहीतरी लागायला लागतं. पुस्तकात आहे."

मग मामीनं टाळी दिली. "म्हंजी बाई, आता आमच्या पापडाचं मीठ कुणी बघावं?"

बाया हसल्या. मीही हसलो. माझं हसणं मला आजही ऐकू येतं, नाकातलं, शिकलेलं.

मोठी माय हसली नाही आणि चिडलीही नाही. "बराबर असंल बाबा," एवढंच म्हणाली, "तू शिकलेला." आणि मघाच्या हिरव्या ताटलीत उरलेला पापड, तोच, तिनं तुकडा तुकडा करून खाऊन संपवला. अन्न टाकायचं नाही म्हणून. मग ताटली विसळून माझ्यासमोर ठेवली आणि घरी गेली.

सरांना मी तिचं सांगितलं, पण माझ्या पद्धतीनं. "सर, एक म्हातारी आहे. मिसरी लावते, काहीही सांगते." सर दुसरं काहीतरी वाचत होते. "मग तो कागद काढा," म्हणाले. मी काढला. एक कागद वगळला असं कुठं लिहिलंही नाही. वाटाण्याच्या प्रथिनाचा पापड ग्रामीण ग्राहकांना अत्यंत आवडतो, असा माझा निष्कर्ष जाड पुठ्ठ्यात बांधला गेला, वर सोनेरी अक्षरं. पदवी घेऊन घरी आलो तेव्हा मोठ्या मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

पुढच्या उन्हाळ्यात विहाराच्या ओट्यावर पीठ भिजलं आणि मोठ्या मायला कुणी हाक मारली नाही. ठरवून केलं असं नाही. मामी म्हणाली म्हणे, "तिची जीभ गेली. आपलंच पोरगं सांगून गेलं ना?" आणि मिठाचं तिनंच बघितलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तर विषयही निघाला नाही. मला हे मायकडून तुकड्या-तुकड्यांत कळत गेलं. "मोठी माय आता वट्ट्यावर येत न्हाई." "मोठ्या मायच्या वरणात मीठच नसतं आताशा." आणि मी काय म्हणालो असेन? लिहायची लाज वाटते. मी म्हणालो, "बघ. मी म्हणलो नव्हतो?"

मधे वर्षं गेली. जिल्हा वेगळा झाला, रस्ते थोडे बरे झाले, आणि मला दूरच्या शहरात एका खाद्यपदार्थांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथं एक दिवस वाटाण्याचं प्रथिन आलं. आता त्याला मान होता. परदेशातनं चकचकीत पोत्यांतून यायचं. बिस्किटात, दुधात कालवायच्या भुकटीत, सोयाबीन न चालणाऱ्या लोकांच्या खाण्यात ते घालायचं चाललं होतं. मी छाती काढून सांगितलं, "मी यावर काम केलंय."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाई कडक होत्या. म्हणाल्या, "छान. मग चाखणाऱ्यांच्या पॅनलवर या. पण आधी जिभेची परीक्षा."

परीक्षा अशी की पाण्याचे काही पेले समोर ठेवतात. काहींत नुसतं पाणी, काहींत अगदी नखाएवढं कडू द्रव्य. कडू कोणते ते ओळखायचं. मी सगळे प्यालो. सगळं पाणी होतं. मी तसं लिहून दिलं, आणि वर विचारलंही, "यात कडू घालायचं राहिलं का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग शिपायाला बोलावून एक पेला त्याच्या हातात दिला. त्यानं घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की मला काही विचारायची गरज उरली नाही.

"तुम्ही नोंदी ठेवा," बाई म्हणाल्या. "काही लोकांना कडू फार कमी कळतं. जन्मजात असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही."

त्यांना काय माहीत, त्यात लाजण्यासारखं काय होतं ते. दोन वर्षं मी त्या भुकटीची चव स्वतः घेऊन "ठीक" असं वहीत लिहीत आलो होतो. मरून गेलेली जीभ त्या ओट्यावर एकच होती, आणि ती भाषण देत होती.

पण खरी शिक्षा त्यानंतर आठवड्यानं. पॅनलवरची एक मुलगी, कोकणातली, वाटाण्याच्या प्रथिनाचं बिस्कीट चाखत होती. मी शेजारी वही घेऊन. ती म्हणाली, "तोंडात आहे तोवर काही नाही. गिळल्यावर येतं, मागे, जिभेच्या मुळाकडे. कडूच असं नाही. हिरवं काही चावल्यासारखं."

माझा पेन थांबला. बाईंना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. वाटाण्यात साबणासारखा फेस आणणारी काही द्रव्यं असतात. प्रथिनं साखळून खाली बसताना तीही त्यांना चिकटून येतात. म्हणजे प्रथिन जितकं घट्ट करत जावं तितकी ती मागं लागतात. हिरवट वास वेगळाच, तो वाटाण्यातल्या थोड्याशा तेलाचा. "हे सगळं यंत्रावर मोजता येतं," बाई म्हणाल्या, "पण ही पोरगी यंत्राच्या आधी सांगते. अशी जीभ शोधून सापडत नाही. जपायची असते."

मी विचारलं, "वय झाल्यावर जाते ना, बाई?"

"थोडी मंदावते. पण माणसामाणसातला फरक त्याहून मोठा. साठीतली चांगली जीभ तुमच्यासारख्या दहा पोरांना लोळवील."

त्या मुलीला चाखायच्या आधी चहा देत नसत, तिला सर्दी झाली तर तपासणी पुढं ढकलत. सगळे तिच्या तोंडाकडं बघत थांबायचे. मी हे थांबणं पूर्वी कुठं बघितलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात मी रजा काढून गावी गेलो. मायनं ताट वाढलं आणि मी पहिल्या घासाआधीच विचारलं, "माय, तो वाटाण्याचा पापड तुला कसा लागला होता?"

माय भाकरी थापत होती. "कडू," म्हणाली. सहज.

"कडू?"

"थोडा. मागून यायचा."

"मग तू हसऱ्या चेहऱ्यावर बोट काहून ठेवलं?"

"तुझं पास व्हायचं होतं ना," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली. "सगळ्याच म्हणून राहिल्या होत्या नंतर, जरा कडू होता म्हणून."

"मग मोठ्या मायची बाजू कुणी काहून घेतली न्हाई?"

मायनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तू पुस्तकातलं बोललास. आमाला वाटलं, तिची जीभ गेली म्हणतो तर आपली बी गेलीच असंल. उगं वाटून राहिलं असंल आपल्याला."

मी भिंतीपलीकडं गेलो. मोठी माय पाठीत वाकली होती. मला बघून तिनं आधी जेवणाचंच काढलं. मी जेवलोय म्हटलं तरी ताट आलं. भाकरी, वरण, आणि ताटाच्या कडेला मिठाची वेगळी चिमूट. "बाजूला ठेवलंय, लागंल तसं घे," ती म्हणाली. "मला आता समजत न्हाई." वरण अळणी होतं. एवढं मलाही कळलं.

मी तिला सगळं सांगितलं. पेल्यांचं, शिपायाचं, कोकणातल्या मुलीचं. ती जे बोलली होती ते शब्दाला शब्द शहरातल्या शास्त्रज्ञांनी मान्य केलंय, हे सांगितलं. तिचा कागद मी काढून टाकला, तेही सांगितलं. "मोठे माय, तुझी जीभ कधीच गेली नव्हती. माझीच नाही. जन्मापासून नाही."

ती पदराशी चाळा करत ऐकत होती. "मला कळत होतं," ती म्हणाली. "पहिलं वरीस दोन वरीस. मिठाच्या डब्यात हात घातला की कळायचं, इतकं पाहिजे. मग वाटायचं, पोरगं म्हणलं, भलतंच लागत असंल. हात माघारी घ्यायची. मग हातच भ्यायला लागला." पदर सोडून म्हणाली, "तू म्हणलास म्हणून गेली. आता तू म्हणलास म्हणून येईल का रे?"

मी तिला म्हटलं, चल, ओट्यावर चल, बायांसमोर सांगतो. ती नको नको म्हणाली. मी हट्ट केला. आता वाटतं, तोही माझ्याच समाधानासाठी होता.

विहाराच्या ओट्यावर चार-पाच बाया पीठ कुटत होत्या. पिठाशेजारी एक रंगीत पुडी फाडून ठेवलेली. जवळ्याच्या बाजारात आता तयार पापड मसाला मिळायचा, मीठ-खार सगळं मापून, एका किलोला एक पुडी. कुणाच्याच जिभेची गरज उरली नव्हती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी बोललो. उभं राहून, लग्नातल्या पाहुण्यासारखं. मी चुकलो, मोठी माय बरोबर होती, पापड कडूच होता.

मामी आता जाडजूड झाली होती. "आमाला काय ठाव न्हाई व्हय?" ती म्हणाली. "वाटाण्याचा कुणी पापड करतंय का येड्या!" बाया हसल्या. पण मामीनं मोठ्या मायकडं बघितलं, आणि तिचं हसू जरा आखडलं. पाट सरकवून म्हणाली, "बस, बाई. आली आहेस तर बघून दे." मग पुडीकडं हात करून जरा ओशाळून, "ह्यात मापलेलंच हाय तसं. पण बघ."

मोठ्या मायनं तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली. मामीनं हरभऱ्याएवढा गोळा तोडून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. कुटणाऱ्या बाईचा वरवंटा थांबला. मला वाटलं, झालं, फिटलं सगळं.

तिनं डोळे उघडले ते माझ्याकडं बघत.

"कसं म्हणू?" तिनं विचारलं.

बायांना नाही, मला. पीठ मामीचं, जीभ तिची, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी मान हलवीन म्हणून. "मला न्हाई कळत, मोठे माय," मी म्हणालो. "खरंच न्हाई कळत. तूच सांग."

"मीठ," ती हळूच म्हणाली. "कमी हाय थोडं."

मामीनं पुडीकडं बघितलं, स्वतः एक गोळा तोंडात टाकला, मान वाकडी केली. मग घरी जाऊन मिठाचा डबा घेऊन आली आणि चिमूट टाकली. पुन्हा कुटलं. पुन्हा गोळा. मोठ्या मायनं पुन्हा डोळे मिटले.

"आणिक?" मामीनं विचारलं.

गोळा जिभेवर तसाच ठेवून मोठ्या मायनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली आणि पायऱ्या उतरून विहाराच्या मागं जाऊन उभा राहिलो, जिथनं तिला मी दिसणार नव्हतो. ओट्यावरून वरवंट्याचा आवाज येत नव्हता. बराच वेळ आला नाही. बाया तिच्या तोंडाकडं बघत थांबल्या होत्या, आणि ती, मला वाटतं, मी गेलो त्या बाजूला.